रात्री अकरानंतर

आमचे बाबा ए.जी. ऑफिसात होते. नागपुरात एवढं सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बाहेरगावच्यांसाठी सांगतो. ए.जी. ऑफिस म्हणजे सिव्हिल लाइन्समधली महालेखापालांची कचेरी. सरकारनं अमुक खर्च का केला, हे सरकारलाच विचारायची जागा. तिथं बत्तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त होतो, पण त्याची लाल पेन्सिल निवृत्त होत नाही. बाबा दूधवाल्याच्या मापावर आक्षेप काढत, वाण्याच्या बेरजेवर शेरा मारत आणि कुणाच्या लग्नात जेवून आले की रात्री पडल्या पडल्या जिलबीचा दरडोई खर्च काढत. अशा माणसाच्या घरात १९८७ साली टेलिफोन आला.

आईनं फोनला हळदकुंकू वाहिलं. बाबांनी एक लांबट वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि वर मथळे लिहिले : तारीख, वेळ, कोणास, मिनिटे, दर, रक्कम, शेरा. वही फोनशेजारी ठेवली आणि तिला दोरीनं पेन बांधलं. फोनची वायर पुढे दोनदा तुटली. ती दोरी कधी तुटली नाही.

ती वही आता माझ्याकडे आहे. घरचा फोन स्वस्तात कसा करावा, या विषयावर नागपुरात इतकं तपशीलवार दप्तर दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

पण वहीच्या आधीचाही एक काळ होता. आमची ताई १९७४ साली पुण्याला दिली. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता, समोरच्या वकीलसाहेबांकडे होता. म्हणजे आमच्याकडे होता असंच आम्ही समजत असू. ट्रंक कॉलचे दिवस होते. ऑपरेटरला नंबर सांगायचा आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी कॉल लागेल तेव्हा लागे. अर्जंटला दुप्पट पैसे. लाइटनिंगला आठपट, ती वीज आधी घरावर पडल्याशिवाय कुणी बुक करत नसे. कॉल लागला की तीन मिनिटं. त्यातलं पहिलं मिनिट ‘हॅलो, ऐकू येतं का’ यात जाई, दुसरं ‘येतं, तुला येतं का’ यात, आणि तिसऱ्यात ऑपरेटर बाई वेळ संपत आल्याचं सांगत.

या तीन मिनिटांवर उपाय शोधला तो आमच्या मामांनी. पी.पी. कॉल नावाचा एक प्रकार होता. पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ठरावीक माणसाचं नाव ऑपरेटरला द्यायचं. तो माणूस जागेवर नसला तर कॉलचे पूर्ण पैसे लागत नसत, किरकोळ आकार पडे. मामा म्हणाले, “मग नसलेल्याच माणसाला बोलवा ना बावा!” ठरलं असं की, ताई पुण्याला पोचली की तिकडून वकीलसाहेबांच्या नंबरावर ‘श्री. सुखरूपराव’ यांना मागायचं. वकीलसाहेबांनी ‘ते इथं नाहीत’ म्हणून फोन ठेवायचा आणि आम्हाला गॅलरीतून ओरडून सांगायचं. ताईच्या दुसऱ्या बाळंतपणासाठीही नावं ठरली होती. मुलगा झाला तर पेढेकर, मुलगी झाली तर बर्फीवाले.

१९७६ सालच्या त्या सकाळी वकीलसाहेब कोर्टात गेले होते. फोन घेतला काटोलहून आलेल्या त्यांच्या एका पक्षकारानं. ऑपरेटर बाईंनी विचारलं, पेढेकर आहेत का? वकिलाच्या घरी चार तास बसून काही काम झालं नव्हतं, माणूस मदतीला टपलेलाच होता. “हाहेत ना जी. थांबा, बोलावतो!” म्हणाला आणि रस्त्यावर उतरला. धरमपेठेत त्यानं हाका मारत मारत तिसऱ्या गल्लीतून एक पेडणेकर शोधून आणला. पेडणेकर धापा टाकत म्हणाले, “हां, बोला.” तिकडून ताईचे दीर ओरडले, “मुलगा झाला!” पेडणेकर म्हणाले, “वा! अभिनंदन! कोणाला?” पुढची सहा मिनिटं हा कोणाला, या एकाच मुद्द्यावर गेली. पूर्ण दरानं.

बाबांना ही योजना पहिल्यापासून मान्य नव्हती. ही शासनाची फसवणूक आहे, असं ते म्हणत. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

मग एसटीडी आलं. भारतातली पहिली एसटीडी लाइन २६ नोव्हेंबर १९६० ला कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली. मग हळूहळू एकेक शहर त्यात आलं. ऑपरेटर बाई मधून गेल्या, आपलं बोट आणि पुणं यांच्यात कोणी उरलं नाही. प्रत्येक गावाला एक कोड मिळाला. नागपूरचा ०७१२. यात एक गंमत आहे, ती विदर्भाबाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मुंबई ०२२, नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१. आणि आमच्याच पट्टीतली गावं कोणती? भोपाळ ०७५५, इंदूर ०७३१, जबलपूर ०७६१, रायपूर ०७७१. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होतं, नागपूर करार झाला, मग मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्र झाला, हिवाळी अधिवेशनं झाली. टेलिफोनच्या लेखी आम्ही अजून सी.पी.तच आहोत. मुंबईला फोन लावताना शून्यानंतर दोन फिरवताना बाबा नेहमी म्हणत, “चला, परराज्यात.”

एसटीडीची खरी गोष्ट मीटरची. एक्सचेंजमध्ये प्रत्येक फोनचं एक मीटर असे. लोकल कॉलला ते एकदा पुढे सरके; एके काळी तर लोकलवर कितीही वेळ बोललं तरी एकच कॉल मोजला जाई. एसटीडीला मात्र ते पळे, आणि गाव जितकं लांब तितकं जोरात पळे. बिलावर फक्त मागचं रीडिंग आणि आताचं रीडिंग. मधल्या दोन महिन्यांत कुणी कुणाशी काय केलं त्याचा पत्ता नाही. म्हणून तर बाबांची वही.

पण खात्यानं एक दयाही दाखवली होती. रात्री दर उतरत. आधी निम्मा, आणि अकरानंतर पाव. हा पाव दर आमच्या घराचा कुळाचार झाला. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपत असू. बाबा उशाशी घड्याळ ठेवून आडवे पडत. अकराला पाच कमी असताना खाली उतरत, फोनपुढे खुर्ची ओढत आणि रेडिओवर लावलेल्या घड्याळाकडे बघत बसत. अकरा वाजून एक मिनिटानं डायल फिरे. ते एक मिनिट त्यांच्या आणि एक्सचेंजच्या घड्याळात फरक असला तर, म्हणून. अर्थात हीच युक्ती साऱ्या भारताला माहीत होती. अकरा वाजता सगळा देश एकदम डायल फिरवी आणि सगळ्यांना एकदम एंगेज टोन येई. लाइन लागेपर्यंत साडेअकरा होत. तिकडे ताईच्या सासूबाई अंथरुणातून उठून फोन घेत. त्या एकदा म्हणाल्या, “तुमच्याकडे नागपूरला सूर्य रात्री उगवतो का हो?” बाबा नम्रपणे म्हणाले, “नाही, पण पाव दरात उगवतो.”

आई बाजूला उभी असे. तिला फोनवर बोलायला दीड मिनिट मंजूर होतं. पुणं लांब आहे या हिशेबानं ती ओरडून बोले. “बरी आहेस ना? मुलं बरी आहेत ना? जावईबापू बरे आहेत ना? ठेव!” वहीत तिचा शेरा एकाच शब्दाचा : क्षेमकुशल. तेरा वर्षं पानापानांवर क्षेमकुशल.

याखेरीज फुकटची एक भाषा होती. फोन उचलला नाही तर पैसे पडत नाहीत. तेव्हा एक रिंग देऊन बंद, म्हणजे पोचलो. दोन रिंगा, म्हणजे पत्र मिळालं. तीन रिंगा, म्हणजे माझ्याकडे काम आहे, तुम्ही फोन करा. ही शेवटची खूण बाबांनी केवळ नियमावली पूर्ण व्हावी म्हणून ठेवली होती. ताईनं ती वापरू नये अशीच अपेक्षा होती, कारण मग बिल आमच्याकडे.

आता झीरो माइल. नागपूर हा भारताचा मध्य, असं आम्ही मानतो आणि सीताबर्डीजवळचा तो दगडी खांब आणि चार घोडे पाहुण्यांना दाखवतो. पाहुणे विचारतात, याचा उपयोग काय? मला उत्तर सुचत नसे. बाबांच्या वहीत ते आहे. एसटीडीचा दर रेल्वेच्या नव्हे, तर दोन गावांमधल्या सरळ रेषेच्या अंतरावर ठरे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टप्पे होते ते ५० ते २०० किलोमीटर, २०० ते ५००, ५०० ते १०००, आणि १००० च्या वर. बाबांनी भारताचा नकाशा पसरला, नागपुरात कंपासचं टोक रोवलं आणि १००० किलोमीटरचं वर्तुळ काढलं. मुंबई आत. दिल्ली आत. मद्रास आत, बंगलोर आत. कलकत्ता अगदी काठावर, पण आत! मुंबईच्या माणसाला दिल्लीला किंवा कलकत्त्याला बोलायचं तर सगळ्यात महाग टप्पा. आम्हाला चारी दिशांची मोठी शहरं एका भावात. बाबांनी तो नकाशा भिंतीवर लावला. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांनीसुद्धा हा मुद्दा कधी मांडलेला नाही.

त्याच वर्तुळाचा दुसरा अर्थ असा की, हैदराबाद आणि भोपाळ आम्हाला पुण्यापेक्षा स्वस्त पडत. ५०० च्या आत ना! आई एकदा चिडून म्हणाली, “मग पोरगी हैदराबादला द्यायची होती.” बाबांनी थोडा वेळ खरोखर विचार केला असं मला वाटलं.

विनोद बाजूला ठेवून एक सांगतो, कारण हे मलाही उशिरा कळलं. एसटीडी इतकं महाग होतं ते तारा लांब होत्या म्हणून नव्हे. लोकल कॉल आणि महिन्याचं भाडं खात्यानं मुद्दाम कमी ठेवलं होतं, आणि तो खड्डा एसटीडीच्या उत्पन्नातून भरला जाई. १९९९ साली ट्राय या नियामकानं दरांची जी फेरमांडणी सुरू केली ती याचसाठी : लांबचं स्वस्त, जवळचं थोडं महाग. तोपर्यंत शेजारच्या पेठेत तासभर गप्पा मारणाऱ्यांचा खर्च लांब दिलेल्या लेकींचे आईबाप उचलत होते. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे वकीलसाहेबांच्या बायकोची भिशी मी चालवली.”

पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ यायला लागले तेव्हा घरी फोन असूनही बाबा तिथं जाऊन उभे राहत. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळताना दिसत. बोलणाऱ्या माणसाचं लक्ष बोलण्यात नसे, आकड्यांत असे. बाबा म्हणत, ही खरी पारदर्शकता. एका बूथचं मीटर दुसऱ्यापेक्षा भरभर पळतं, असा त्यांचा आक्षेप होता. बूथवाल्याचं नाव घेत नाही. तो बाबांना लांबून बघूनच शटर ओढू लागला होता.

मग कंपन्या आल्या. घरच्या फोनचा धंदा खासगी कंपन्यांना खुला करायचं १९९४ च्या धोरणात ठरलं, लांब पल्ल्याचे कॉल २००० साली खुले झाले, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला खात्याचं बीएसएनएल झालं. जानेवारी २००२ मध्ये भारतीची ‘इंडियावन’ लांब पल्ल्यात उतरली आणि त्याच महिन्यात बीएसएनएलचे लांबचे दर एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. इतकी वर्षं हा दर तारेमुळं आहे असं सांगत होते, ती तार एका रात्रीत आखूड झाली की काय? डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स आली. टपालाच्या कार्डापेक्षा फोन स्वस्त व्हावा, ही धीरूभाई अंबानींची इच्छा होती म्हणे. कार्ड ५० पैशांना, आणि रिलायन्सचा रिलायन्सशी कॉल मिनिटाला ४० पैसे. आईनं विचारलं, “मग कार्डानं काय करायचं?” तिनं शंभर आणून ठेवली होती.

रिलायन्सचा तो फोन खिशात मावे, पण कायद्याच्या दृष्टीनं तो घरातलाच होता! त्याला म्हणत डब्ल्यूएलएल, म्हणजे तारेऐवजी हवेतून जोडलेला घरगुती फोन, आणि त्याला ‘मर्यादित’ फिरण्याची परवानगी. त्यावर मोबाइल कंपन्या कोर्टात गेल्या. तुमचा घरचा फोन आमच्या रस्त्यावर कसा, असं भांडण. शेवटी नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारनं एकच परवाना करून टाकला. एखाद्या तरुण विधवेला घराबाहेर किती जाऊ द्यावं, यावर आमच्या आजोबांच्या पिढीत जसे वाद होत, त्याची मला आठवण झाली.

माझा मुलगा तेव्हा अठराचा. त्यानं तीन कंपन्यांची पत्रकं आणून आजोबांपुढे टाकली. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुलनात्मक विवरणपत्र कर.” ए.जी. ऑफिसात निविदांचं करतात तसं. दोघं आठवडाभर बसले. भाडं किती, अनामत किती, पल्स किती सेकंदांचा, आपल्याच नेटवर्कवर दर काय आणि परक्या नेटवर्कवर काय, रात्रीची सवलत आहे की नाही. सातव्या दिवशी बाबांना शोध लागला, तो कुठल्याही पत्रकात नव्हता. स्वस्त कंपनी कोणती हे आपण ठरवूच शकत नाही. ताईच्या घरी कोणती आहे, त्यावर ते ठरतं. ते विचारायला त्यांनी ताईला फोन केला. अकरानंतर. ताई म्हणाली, तुम्ही कोणती घेताय ते बघून आम्ही ठरवणार होतो.

विवरणपत्राच्या तळाशी बाबांनी लिहिलं : ‘यथास्थिती ठेवावी.’ काळा फोन जाऊन बटणांचा आला होता, बीएसएनएल राहिलं.

ताईचा तोच मुलगा, पेढेकर, तेव्हा न्यू जर्सीत होता. त्याच्याकडून कळलं की, अमेरिकेत हा तमाशा आधीच होऊन गेला. १९८४ साली तिथल्या एटी अँड टी या बलाढ्य कंपनीचे तुकडे केले आणि लांबच्या कॉलसाठी कंपनी निवडायचा हक्क घरोघरच्या गिऱ्हाइकाला मिळाला. मग जेवायच्या वेळी नेमका फोन वाजे, आमची कंपनी घ्या म्हणून. आपल्याकडेही ट्रायनं २००२ साली तशी निवड देण्याचं ठरवलं होतं : नंबराआधी एक कोड फिरवायचा, कॉल त्या कंपनीच्या तारेनं जाणार. ते अमलात आलंच नाही. बाबांना याची फार हळहळ वाटली. रोज रात्री निवड करायला मिळाली असती.

आणि १ मार्च २००६. बीएसएनएलनं ‘वन इंडिया’ आणली. भारतभर कुठेही, मिनिटाला एक रुपया. पेपरात मोठी जाहिरात. सगळ्यांना आनंद झाला. बाबा उठले, भिंतीवरचा वर्तुळाचा नकाशा काढला, घडी घातली आणि वहीत ठेवला. झीरो माइलचा एकुलता एक उपयोग संपला. त्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांनी ताईला फोन केला. आमच्या समजुतीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी. दोन मिनिटं बोलले, गप्प झाले, ठेवला. म्हणाले, “उजेडात काय बोलायचं ते सुचत नाही बुवा.”

२००९ साली बाबा गेले. पुढे १ मे २०१५ पासून बीएसएनएलच्या लँडलाइनवर रात्री नऊ ते सकाळी सात देशभर सगळं फुकट झालं. पहिल्या रात्री मी नऊ वाजून एक मिनिटानं ताईला फोन लावला. ते एक मिनिट का थांबलो ते तिला कळलं. २०१८ मध्ये ही वेळ साडेदहा ते सहा केली, पण तोवर जिओ येऊन दीड वर्ष झालं होतं आणि रात्रीची कुणाला पर्वा राहिली नव्हती. सेंट्रल अॅव्हेन्यूवर मेट्रोचं स्टेशन आहे, त्याचं नाव टेलिफोन एक्सचेंज. परवा तिथं उतरताना दोन पोरं एकमेकांशी न बोलता मोबाइलमध्ये बोलत होती, ते बघून मला ती वही आठवली आणि मी ती माळ्यावरून काढली.

सगळी वाचली. तारखा, मिनिटं, पाव, पाव, पाव. क्षेमकुशल. संत्री पोचली. क्षेमकुशल. आणि १९९१ सालच्या जुलैमधल्या एका पानावर हे : वेळ सकाळी १०.४०. कोणास : ताई. मिनिटे : ३८. दर : पूर्ण. रक्कम लिहिलेली आहे, ती इथे देत नाही; पेन्शनीतून ती देताना बाकीच्या महिन्याचं काय झालं असेल याचा मी अंदाज केला. शेऱ्याचा रकाना कोरा. अख्ख्या वहीत कोरा असा तो एकच.

मी तेव्हा बँकेत होतो. आई त्या आठवड्यात वर्ध्याला मामांकडे गेली होती. बिल बाबाच भरत. आम्हाला कुणालाच ते कळलं नव्हतं.

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा वही घेऊन गेलो. ताई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तिनं पान बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“तीन रिंगा दिल्या होत्या मी,” ती म्हणाली. “दिवसाच. राहवलंच नाही. वाटलं, आता बाबा रागावणार. पण लगेच फोन वाजला.”

“काय झालं होतं?”

“ते जाऊ दे. झालं होतं. बॅग भरून बसले होते मी.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. “बाबा काही बोललेच नाहीत रे. मीच बोलत होते. ते नुसतं हं म्हणत होते. मधे मी म्हटलं, बाबा, बिल चढून राह्यलं असेल. तर म्हणाले, चढू दे, तू बोल.”

“मग?”

“मग बॅग रिकामी केली आणि स्वयंपाकाला लागले.”

तिनं बोटानं रकाना शोधला. “किती आलं होतं रे बिल?”

मी आकडा वाचून दाखवला.

“एवढं!” ताई म्हणाली. “अरे, रात्री अकरापर्यंत थांबले असते तर पावात झालं असतं की.”